तीन नंबरच्या प्लॉटमधलं डबकं

प्लॅनिंग बोर्डाच्या लांबलचक टेबलामागची डावीकडून दुसरी खुर्ची ओपल थरलोची. हॉब्स मिल गावात कोणी घर बांधायचं आणि कुठं बांधायचं, हे त्या खुर्चीवर बसून आपणच ठरवतो, अशी तिची समजूत होती. कुणाला गॅरेज वाढवायचं असो की शोषखड्डा हलवायचा असो, माणसाला ओपलच्या चष्म्याखालून जावंच लागे. त्या मंगळवारी मात्र अध्यक्ष रॉस्को पामर खाकरला आणि म्हणाला, "ओपल, पुढचा अर्ज तुझ्या बहिणीचा आहे. तू आपली खाली जाऊन बस."

नियमच होता तो. नात्यातल्या कुणाचा अर्ज आला की सदस्यानं टेबलावरून उठायचं आणि लोकांत बसायचं. इतरांना हा नियम ओपलनंच वेळोवेळी ऐकवला होता. पण लोखंडी घडीच्या खुर्चीवरून ते टेबल केवढं उंच दिसतं हे तिला आज पहिल्यांदा कळलं. आणि समोर, नकाशाशेजारी, उभी होती तिची धाकटी बहीण आर्लीन. हातात डोनटचा डबा.

"आधी खाऊन घ्या सगळ्यांनी," आर्लीन म्हणाली. "मग काय ते नाही म्हणा."

बोर्ड हसलं आणि डबा फिरला. ओपलनं इतक्या वर्षांत बोर्डासाठी कधी साधा केकसुद्धा आणला नव्हता. तिच्या मते ती लाच होती. पण आर्लीननं तळलेल्या डोनटला लाच म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण तोंडं भरलेली होती.

नकाशात टेकडीचे आठ प्लॉट पाडले होते आणि मधून एक वळणाचा रस्ता वर गेला होता. "रस्त्याला नाव काय देणार?" रॉस्कोनं बोटांवरची साखर चाटत विचारलं. प्लॉट पाडणाऱ्यानं नव्या रस्त्याचं नाव सुचवायचं अशी पद्धत आहे.

"वॉल्टर रोड," आर्लीन म्हणाली. "आमच्या बाबांच्या नावानं."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. ओपलला ती टाळी झोंबली. बाबा काय हिच्या एकटीचे होते? शेवटी शेवटी त्यांना भरवलं कुणी, पुसलं कुणी, रात्री-अपरात्री त्यांची तीच ती लाकूडतोडीची गोष्ट ऐकली कुणी? आणि आता नावाची पाटी लागणार हिच्या टेकडीवर! आपल्याला हे आधी का सुचलं नाही, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. पण नाव द्यायला तिच्याकडे रस्ता तरी कुठं होता?

वाटणीच्या वेळी पहिली निवड थोरलीनं करायची, असं बाबांनीच सांगितलं होतं. ओपलनं क्षणाचाही विचार न करता खालचा भाग घेतला. घर, कोठार आणि नदीकाठचं सपाट गवताचं रान. आर्लीनला उरली टेकडी. नुसते धोंडे आणि काटेरी झुडपं, शेळीसुद्धा वर जायला कुरकुरायची. तेव्हा ओपलला बहिणीची कीव आली होती, आणि कीव करायला तिला मनापासून आवडायचं. मग नदीला दोन मोठे पूर आले, सरकारनं पूररेषा आखली आणि ओपलचं सगळं रान त्या रेषेच्या आत गेलं. आता तिथं कोंबड्यांचं खुराडंही नव्यानं बांधायची सोय उरली नाही. वरच्या टेकडीवरून मात्र लांबचे डोंगर दिसतात म्हणून बॉस्टनकडची माणसं मागाल ती किंमत द्यायला तयार झाली. दगडाला शेंदूर लागावा तशी आर्लीनची टेकडी एकाएकी पुजली जाऊ लागली.

पैशाचं दुःख ओपलनं गिळलं असतं. तिचा जीव जळत होता तो डार्सीसाठी. डार्सी तिची एकुलती एक मुलगी. नवरा आणि दोन पोरांसह पोर्टलंडला भाड्याच्या कोंदट जागेत राहायची. "आई, घरापुरती जागा दे ना गं, आम्ही परत येतो," असं ती एकदा म्हणाली होती. ओपलनं तिला पूररेषेचा नकाशा दाखवला. डार्सीनं पुन्हा विषय काढला नाही. आईला तिचे फोन यायचे वाढदिवसाला आणि बर्फ पडल्यावर. मावशीला मात्र दर रविवारी, तासतासभर. मूलबाळ नसलेल्या, नवरा गेलेल्या आर्लीनला डार्सीच्या घरातली बित्तंबातमी असे. नातवाचा पहिला दात पडल्याचं ओपलला आर्लीनकडून, तेही किराणा दुकानाच्या रांगेत कळलं होतं. तेव्हापासून त्या दुकानात शिरलं तरी तिच्या डोक्यात तिडीक जाई.

"आठ घरं, एल्टन!" घरी आल्यावर ती नवऱ्यावर डाफरली. "बाबांच्या टेकडीचं वाटोळं चाललंय."

एल्टन ट्रॅक्टरचा कुठलासा भाग वर्तमानपत्रावर ठेवून पुसत होता. "गिरणीमागच्या त्या माणसाला तू बारा घरं मंजूर केलीस की."

"ते वेगळं होतं."

"हो. तो आर्लीन नव्हता," एल्टन म्हणाला आणि पुन्हा पुसायला लागला.

एप्रिल संपत आला तेव्हा जागेची पाहणी ठरली. कागदावर बघून भागत नाही. बोर्डानं रबरी बूट घालून ती जमीन प्रत्यक्ष तुडवायची, आणि ज्या शेजाऱ्याला यायचं असेल त्यानं यावं. ओपल शेजारीण म्हणून गेली. पाइनच्या सावलीत अजून मळकट बर्फ होतं, बाकी सगळा चिखल. खुंट्यांना नारिंगी फिती बांधून प्लॉटच्या हद्दी दाखवल्या होत्या. आर्लीन पुढं चालत होती, कुणाला हात दे, कुणाची चेष्टा कर, असं तिचं चाललं होतं. तिसऱ्या प्लॉटवर ती थांबली आणि खाली बोट दाखवून म्हणाली, "ओपल, इथून तुझं स्वयंपाकघर कसं स्वच्छ दिसतं बघ."

म्हणजे उद्या परकी माणसं माझ्या डोक्यावर बसून माझ्या पातेल्यात काय शिजतंय ते बघणार, असा अर्थ ओपलनं त्यातून काढला.

त्याच प्लॉटच्या एका अंगाला खोलगट जागेत बर्फाचं पाणी साचलं होतं. रॉस्को काठावर उभा राहिला. "बेडूक?" त्यानं विचारलं, आणि सगळ्यांनी ओपलकडं बघून हसू दाबलं.

त्या हसण्यामागं इतिहास होता. वसंतात साचणाऱ्या डबक्यात रानबेडकांची अंडी सापडली तर भोवती शंभर पावलं बांधकाम नाही, हा गावचा नियम ओपलनं भांडून भांडून करून घेतला होता. तेव्हा अर्ध्या गावानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. उरलेल्या अर्ध्यानं तिचं नाव बेडूकबाई ठेवलं. नंतर गावाला त्या नियमाचा अभिमान वाटायला लागला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

"कसले बेडूक!" आर्लीन म्हणाली. "बाबांनी मुरूम काढलेला खड्डा आहे तो. कधी एक डराव ऐकलं नाही मी इथं."

"नसतीलही. पण तज्ज्ञ बाई पुढच्या आठवड्यात येऊन बघेल. अंडी नसली की आठच्या आठ प्लॉट मोकळे," रॉस्को म्हणाला. "काय बेडूकबाई, बरोबर ना?"

"अगदी बरोबर," ओपल म्हणाली. तिचा आवाज इतका गोड निघाला की तिचा तिलाच संशय आला.

बेडकाची अंडी कुठं असतात हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिच्याच रानाच्या टोकाला, नदीकाठच्या झाडीत एक तळं होतं, आणि त्यात दर वसंतात अंड्यांचे लिबलिबीत गोळे पाण्यातल्या काटक्यांना गच्च चिकटलेले असत. आर्लीन केस कापायला गावात गेली त्या सकाळी ओपल लॉबस्टर उकडायचं मोठं भांडं घेऊन तिथं गेली. काटक्या अलगद तोडून तिनं गोळे भांड्यात ठेवले, वरून त्याच तळ्यातलं पाणी ओतलं आणि ऊन लागू नये म्हणून ओलं फडकं टाकलं. ती बहिणीचं वाटोळं करायला निघाली होती, बेडकांचं नाही.

टेकडी चढताना तिचे गुडघे बोंबलत होते. दगडी बांधावर बसून तिनं दम खाल्ला. भांड्यात पाणी डचमळलं तेव्हा ती "गप्प बसा" असं अंड्यांनाच म्हणाली. नियम कुणी केला, तो कोण मोडतंय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण नजरेसमोर वॉल्टर रोडची पाटी होती, डोनट चघळणारं बोर्ड होतं आणि रविवारचा तो तासाभराचा फोन होता, आणि त्यांच्यापुढं नियमाचं काही चाललं नाही. तिनं काटक्या डबक्याच्या तळाशी नीट रोवल्या, अगदी बेडकिणीनं रोवाव्यात तशा. परत उतरताना ती चक्क गाणं गुणगुणत होती.

एल्टन दारातच भेटला. त्यानं भांड्याकडं बघितलं.

"काय शिजवलंस?"

"काही नाही."

"मग भांड्यात शेवाळ कसलं?"

"एल्टन, तू तुझं काम कर."

एल्टननं तिच्या चिखलानं माखलेल्या बुटांकडं पाहिलं, मग वर टेकडीकडं पाहिलं.

तज्ज्ञ बाई आली, डबक्यात उतरली, आणि तिनं फोटो काढून भोवती निळी फीत बांधली. त्याच दुपारी आर्लीन ओपलच्या स्वयंपाकघरात येऊन रडत बसली. ओपलनं तिच्यापुढं कॉफी ठेवली. बहीण रडताना बघायची वेळ कित्येक वर्षांनी आली होती आणि ओपलला ती चटकन संपायला नको होती.

"म्हणजे सगळं बारगळलं म्हणायचं," ती म्हणाली.

"सगळं नाही गं. रस्ता त्या बाजूनं जातच नाही. बाकीचे सात प्लॉट ठीक आहेत. फक्त तीन नंबर गेला."

"फक्त एकच?" ओपलच्या तोंडून निसटलं.

आर्लीनला ती सहानुभूती वाटली. तिनं नाक पुसलं. "एक गेला, पण तोच नको होता जायला. तो विकायचा नव्हताच मुळी. तो डार्सीचा होता."

ओपल किटली हातात धरून उभीच राहिली.

"बाकीचे विकल्याशिवाय रस्त्याचा खर्चच निघत नाही, म्हणून मला एकच देता येत होता. म्हटलं, तुझ्या घराला सगळ्यात जवळचा देऊ. तिथून तुझं स्वयंपाकघर दिसतं, आणि तुझ्या खिडकीतून तिचं दिसलं असतं. पोरं धावत खाली आली असती तुझ्याकडं."

"मला का नाही सांगितलंस?"

आर्लीन कपाकडं बघत राहिली. "डार्सी म्हणाली, इतक्यात नको. म्हणाली, जागा मावशीची आहे कळलं की आई नको म्हणेल."

"जागेचं तू तिला विचारलंस, की तिनं तुला?"

"तिनं मला, गं. त्यानं काय फरक पडतो?"

आर्लीनला पडत नसेल. ओपलला मात्र प्लॉट गेल्याचं दुःख व्हायच्या आधी हेच लागलं. पोरीनं जागा मागितली ती मावशीकडं. प्लॉटचं दुःख त्याच्या मागोमाग आलं, आणि आलं ते तिला बसवूनच गेलं. दुसऱ्याला अपशकुन करायला निघालेल्या बाईनं स्वतःचं नाक कापल्याची गोष्ट तिनं पुष्कळ जणांना सांगितली होती. आता आरशात बघायची सोय राहिली नाही.

जाऊन अंडी परत आणावीत असंही तिला वाटलं. पण फोटो निघाले होते, फीत बांधली होती, अहवाल बोर्डाकडं गेला होता. उरला एकच मार्ग. शेवटच्या सुनावणीच्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "एल्टन, मी आज सांगून टाकणार आहे."

"सांग."

"खुर्ची जाईल माझी. गावात तोंड दाखवता येणार नाही."

"पोरगी येईल पण," एल्टन म्हणाला.

"तुला विचारलं तर सांगशील ना, भांडं पाहिलंस म्हणून?"

"विचारलं तर सांगेन."

सभागृह भरलं होतं. डार्सी पोर्टलंडहून आली होती, आणि ती बसली होती आर्लीनच्या शेजारी, तिचा हात हातात घेऊन. आईला तिनं लांबूनच मान हलवली. ओपल पलीकडच्या रांगेत बसली, एल्टन नेहमीसारखा सगळ्यात मागं. आर्लीन उठून बोलली. आज डोनट नव्हते. तीन नंबरचा प्लॉट भाचीसाठी ठेवला होता, पोरगी गावात परत यावी एवढीच इच्छा होती, बोर्डानं काही मार्ग काढावा, असं ती म्हणाली. लोक हळहळले. रॉस्कोनं मान खाली घातली. "आर्लीन, अंडी आहेत तिथं. आमचे हात बांधलेत. लोकांपैकी कुणाला काही बोलायचंय?"

ओपल उठली. खुर्ची करकरली. घरून पाठ करून आलेलं सगळं ती विसरली आणि एकच वाक्य बोलली.

"ती अंडी मी टाकली."

कुणाला काही कळेना. "काय टाकलं?" रॉस्को म्हणाला.

"अंडी. माझ्या तळ्यातली. भांड्यात घालून टेकडीवर नेली आणि डबक्यात ठेवली. ते डबकं बेडकांचं नाहीच. प्लॉट पोरीला देऊन टाका."

ओपलनं वाट बघितली. आता ओरडतील, आता हसतील, आता कुणीतरी म्हणेल की हिला बाहेर काढा. पण रॉस्कोनं चष्मा काढला तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"ओपल," तो हळूच म्हणाला, "खाली बस. तू काय करते आहेस ते कळतंय आम्हाला."

"काय कळतंय? मी खरं सांगतेय!"

"अगं, बेडकाच्या अंड्याला बोट लावलं म्हणून तू माझ्या सख्ख्या भावाला दंड केला होतास. तू भांड्यात भरून नेशील? पोरीसाठी आई काहीही बोलेल. मीही बोललो असतो. पण इतिवृत्तात असलं घेता येत नाही मला."

"धन्य आहे बाई तुझी," मागून कुणीतरी म्हणालं. आर्लीन तोंडावर रुमाल धरून हुंदके देत होती.

"तरी विचारायला हवं म्हणून विचारतो," रॉस्को म्हणाला. "तुला हे करताना कुणी पाहिलं?"

मागच्या रांगेत एल्टननं टोपी काढली आणि तो अर्धवट उठला. त्याची नजर बायकोवर होती. 'एल्टनला विचारा' एवढंच तिनं म्हणायचं होतं. ती म्हणणारच होती. तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात डार्सीनं आर्लीनचा हात सोडला. ती उठली, खुर्च्यांच्या रांगा ओलांडून आली, आणि सगळ्या गावासमोर तिनं आईच्या गळ्यात हात टाकले. लग्नानंतर तिनं असं कधी केलं नव्हतं.

"आई," ती आईच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "तू? तू माझ्यासाठी खोटं बोललीस? तुझ्या त्या बोर्डासमोर?"

तिच्या केसांना ओळखीचा वास येत होता. ओपलचा हात आपोआप वर गेला आणि तिच्या पाठीवर फिरू लागला. समोर रॉस्को थांबला होता. मागं एल्टन तसाच अर्धवट उभा होता.

"ओपल?" रॉस्कोनं पुन्हा विचारलं. "कुणी पाहिलं का?"

पोरीची मिठी आणखी घट्ट झाली.

"नाही," ओपल म्हणाली. "कुणी नाही."

एल्टन थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं टोपी घातली आणि तो दार उघडून बाहेर निघून गेला. रॉस्कोनं मतदान घेतलं, टेबलामागं हात वर झाले. तीन नंबर वगळून बाकीचे सात प्लॉट मंजूर.

"जाऊ दे गं जागा," डार्सी तिच्या कानाशी म्हणत होती. "जागेचं काय. आम्ही पोर्टलंडलाच राहू. मी दर रविवारी तुला फोन करीन."

इतकं सुख ओपलला कित्येक वर्षांत झालं नव्हतं, आणि ते तिनं नाकारलं नाही. पोरीच्या खांद्यावरून तिनं पलीकडं पाहिलं. शेजारची खुर्ची रिकामी झालेली आर्लीन आपल्याकडं बघतेय की नाही, ते तिला बघायचं होतं.

आर्लीन बघत होती. डोळे पुसत होती, हसत होती, आणि बहिणीसाठी दोन्ही हात छातीशी धरून मान डोलावत होती. तिच्या चेहऱ्यावर जळल्याची एक रेघसुद्धा नव्हती, आणि ओपलला तेही सहन झालं नाही.